पीएसयू बदलला तरी 'रिडंडन्सी लॉस्ट' परत येतो तेव्हा: ब्लेड चॅसिसचा वीजपुरवठा कसा तपासायचा

ब्लेड चॅसिसवर (पातळ सर्व्हर, म्हणजे ब्लेड, एकत्र बसवायची पेटी) अंबर दिवा लागतो. मेल येतो, 'पॉवर रिडंडन्सी लॉस्ट', म्हणजे वीजपुरवठ्याची राखीव सोय गेली. पाच मिनिटांत कुणीतरी निदान करून मोकळं होतं, "पीएसयू (पॉवर सप्लाय) उडालाय, नवा मागवा." नवा येतो, बसतो, दिवा हिरवा होतो, तिकीट बंद. तीन आठवड्यांनी तोच मेल, तोच स्लॉट.

हे मी वेगवेगळ्या बनावटीच्या चॅसिसवर इतक्यांदा निस्तरलंय की नवा पीएसयू मागवणं आता माझ्या यादीत जवळजवळ शेवटी येतं. 'खराब' म्हणून काढलेल्यांपैकी बरेचसे दुसऱ्या चॅसिसमध्ये टाकल्यावर ठणठणीत चालले. दोष कॉर्डमध्ये होता, पीएसयू स्लॉटमध्ये नीट न बसण्यात होता, फीडमध्ये (रॅकपर्यंत येणाऱ्या वीजवाटेत) होता, कधी तर नुसत्या सेटिंगमध्ये. गंमत अशी की पीएसयू बदलताना नकळत आणखी एक काम होऊन जातं: कॉर्ड हलते आणि पुन्हा नीट बसते. दिवा त्यामुळे हिरवा होतो, श्रेय मात्र नव्या पीएसयूला मिळतं.

खालचा क्रम फुकटच्या आणि बिनधोक तपासण्यांपासून सुरू होऊन अवघड कामांकडे जातो. मधली पायरी गाळू नका. एकदम दोन गोष्टी बदलल्या की दोष नेमका कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आला की पाटी पुन्हा कोरी.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- एकाच पीएसयूचा दिवा अंबर, बाकी हिरवे. ब्लेड चालू आहेत, युजरला काही कळलेलंही नाही.
- एका बाजूचे सगळे पीएसयू एकाच सेकंदाला पडतात आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतात.
- पीएसयूवर इनपुटचा दिवा हिरवा, पण आउटपुट शून्य.
- सगळे दिवे हिरवे, तरी चॅसिस म्हणते रिडंडन्सी नाही.
- नवं ब्लेड सुरू व्हायला नकार देतं, किंवा चालू ब्लेडचे प्रोसेसर अचानक मंदावतात.
- एक फीड जातो, सगळं टिकतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि वीसेक मिनिटांनी अख्खी चॅसिस अंधारात.

शेवटच्या लक्षणात बहुतेक वेळा एकही पीएसयू खराब नसतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

हात लावण्याआधी एक हिशेब

हॉट-स्वॅप म्हणजे चालू चॅसिसमधून पीएसयू काढता येतो. कोणताही, कधीही काढता येतो असा त्याचा अर्थ नाही. आधी बघायचं की आत्ता किती पीएसयू खरोखर काम करताहेत आणि किती लागतात.

एचपीईची सी७००० आणि डेलची एम१०००ई या दोन्ही १० यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) उंचीच्या, सहा पीएसयूच्या चॅसिस. सिस्कोची यूसीएस ५१०८ ही ६ यूची, चार पीएसयूची. सेटिंग साधारण तीन प्रकारचं असतं. रिडंडन्सी नाहीच, किंवा एन+१, म्हणजे लागतात त्यापेक्षा एक जास्त, किंवा एन+एन, म्हणजे अर्धे ए फीडवर, अर्धे बी फीडवर आणि एक अख्खा फीड गेला तरी उरलेल्यांनी सगळा भार उचलायचा.

समजा चॅसिस त्या घडीला ४,२०० वॅट खातेय आणि पीएसयू २,४०० वॅटचे आहेत. दोन पीएसयू पुरतात. सहाच्या सहा चालू असतील तर एक काढायला काहीच हरकत नाही. पण ए फीड आधीच गेलेला असेल, तर मागे उरलेत तीन. त्यातला एक काढलात की दोघांवर ४,८०० वॅटची क्षमता आणि ४,२०० वॅटचा भार. एखाद्या ब्लेडवर बॅकअप सुरू झाला की चॅसिस प्रोसेसर मंद करायला लागेल किंवा त्याहून वाईट काही होईल. हे आकडे मॅनेजमेंट मॉड्यूलच्या (चॅसिसवर नजर ठेवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) पॉवर पानावर मिळतात. कागदावर लिहूनच रॅकपाशी जा.

आणि आरसा लक्षात ठेवा. सी७००० आणि यूसीएस ५१०८ मध्ये पीएसयू समोरून बसतात, कॉर्ड मात्र मागून लागतात. समोरून डावीकडचा पहिला स्लॉट मागे गेल्यावर उजवीकडे येतो. अंबर दिवा समोर बघायचा, वळसा घालून मागे जायचं आणि चालू पीएसयूची कॉर्ड उपटायची, हा अपघात मी दोनदा पाहिलाय. पैकी एकदा हात माझाच होता. इनलेटशेजारचा (कॉर्ड खोचायच्या तोंडाशेजारचा) छापील क्रमांक वाचा, त्यावर बोट ठेवा, मगच कॉर्ड धरा.

लॉग वाचा, पण वेळेसकट

फुकट काम, चॅसिसला स्पर्शही नाही, आणि निम्मं निदान इथेच होतं.

आयपीएमआय या सर्व्हर-देखरेखीच्या मानकाच्या यादीत पॉवर सप्लायसाठी ठरावीक नोंदी आहेत: पीएसयू हजर आहे, बिघाड, बिघाडाची पूर्वसूचना, इनपुट गेला, इनपुट मर्यादेबाहेर, कॉन्फिगरेशनची चूक. चॅसिसचे शब्द थोडे वेगळे असतील, अर्थ हेच. 'इनपुट लॉस्ट' आलं की संशय पीएसयूच्या बाहेर: कॉर्ड, पीडीयू (रॅकमधली सॉकेटची पट्टी), ब्रेकर, फीड. 'फेल्युअर डिटेक्टेड' आलं की पीएसयूने स्वतःच्या आउटपुटमध्ये, पंख्यात किंवा तापमानात काहीतरी बिनसलेलं पाहिलंय. इनपुट गेल्याची नोंद असताना पीएसयू बदलणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बादली बदलणं.

मग वेळ बघा. एकटा पीएसयू पडला की तिघं एकाच सेकंदाला? एकाच सेकंदाला तीन पीएसयू स्वतःहून मरत नाहीत.

एका ठिकाणी उजव्या बाजूचे तीनही पीएसयू दर आठवड्याला एकदा पडायचे आणि काही सेकंदांत परत यायचे. दोन पीएसयू बदलून झाले होते, तिसऱ्याची मागणी गेली होती. लॉगमधली वेळ कशाशीच जुळत नव्हती, कारण मॅनेजमेंट मॉड्यूलचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं आणि सगळे ती वेळ स्थानिक समजून वाचत होते. तासांचा फरक धरल्यावर ती वेळ जनरेटरच्या साप्ताहिक चाचणीवर जाऊन बसली. बी फीडचा यूपीएस कुणीतरी देखभालीसाठी बायपासवर (वीज यूपीएसला टाळून थेट) टाकला होता आणि तिथेच विसरला होता. एक स्विच फिरवला, दोष संपला. तेव्हापासून मी लॉग उघडायच्या आधी घड्याळ बघतो. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा) लावलेला नसेल तर आधी तो लावा.

सेटिंग: सगळं हिरवं, तरी तक्रार

हिरवे दिवे आणि 'रिडंडन्सी नाही' हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. चॅसिस एन+एनवर ठेवली आणि नंतर चार ब्लेड वाढवले, की एका बाजूचे पीएसयू मिळून एकट्याने भार पेलू शकत नाहीत. चॅसिस खरंच बोलतेय. इथे पीएसयूत काही शोधू नका. भार कमी करा, ब्लेडना पॉवर कॅप (वीजवापराची मर्यादा) लावा, रिकामे स्लॉट असतील तर पीएसयू वाढवा, किंवा एन+१ वर समाधान माना. एन+१ मध्ये एक पीएसयू मेला तर चालतं, एक फीड मेला तर चालेलच असं नाही. हा निर्णय ज्याचा आहे त्याने तो समजून घ्यावा. तुम्ही गुपचूप सेटिंग बदलून मेल बंद करू नका.

दुसरा प्रकार, वीज वाचवायचं सेटिंग. कमी भारावर पीएसयूची कार्यक्षमता घसरते, म्हणून काही चॅसिस भार थोडा असला की एक-दोन पीएसयू स्टँडबायला टाकतात आणि उरलेल्यांना जास्त भारावर चालवतात. अशा वेळी 'इनपुट हिरवा, आउटपुट शून्य' हे लक्षण दिसतं आणि नवखा माणूस चांगला पीएसयू काढून ठेवतो. मॅनेजमेंटच्या पानावर त्यासमोर स्टँडबाय लिहिलंय का ते आधी वाचा.

तिसरा प्रकार, खिचडी. एका चॅसिसमध्ये सगळे पीएसयू एकाच क्षमतेचे, शक्यतो एकाच पार्ट नंबरचे हवेत. सगळे मिळून एकाच १२ व्होल्टच्या बसला (सामायिक वीजवाहिनीला) वीज देतात आणि भार आपसांत सारखा वाटून घेतात. वेगळ्या वॅटेजचा पाहुणा आला की चॅसिस त्याला नाकारते किंवा 'मिसमॅच' म्हणते. बाहेरून दोन पिढ्यांचे पीएसयू हुबेहूब दिसतात, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही.

कॉर्ड

माझ्या हिशेबात वारंवार येणाऱ्या 'इनपुट लॉस्ट'चा पहिला गुन्हेगार हाच. २,५०० वॅटचा पीएसयू पूर्ण भारावर २३० व्होल्टला साधारण १२ अँपिअर ओढतो. म्हणून या पीएसयूंना सी२० इनलेट आणि त्यात बसणारी सी१९ टोकाची, १६ अँपिअरची जाड कॉर्ड असते. संगणकाला लागते ती सी१३ वाली कॉर्ड १० अँपिअरची. ती सी२० मध्ये बसतच नाही. पण दुसऱ्या टोकाला कुणी अॅडॉप्टर लावून जुगाड केलेला असेल तर तो आजच काढा. तो दोष देणार नाही, तो जळणार.

जाड कॉर्ड म्हणजे जड कॉर्ड. स्वतःच्या वजनाने ती खाली ओढते आणि प्लग इनलेटमध्ये तिरका होतो. दोन्ही टोकं बघायची, पीएसयूकडचं आणि पीडीयूकडचं. लोक एकच बघतात. बोटाने हलकं दाबून पाहा. एक-दोन मिलिमीटर आत सरकला तर दोष तिथेच होता.

एक केस सांगतो. चौथ्या स्लॉटचा पीएसयू रात्री पडायचा, सकाळी माणूस बघायला गेला की ठीक. नवा पीएसयू, मग नवी कॉर्डसुद्धा. तरी तेच. तिसऱ्या खेपेला मी रॅकमागे टॉर्च घेऊन बसलो आणि सहकाऱ्याला मागचं दार लावायला सांगितलं. दार लागताना कॉर्डच्या वळणाला टेकलं, प्लग केसभर वर उचलला गेला, दिवा अंबर. दार उघडलं की हिरवा. तपासायला येणारा प्रत्येक जण सर्वांत आधी दार उघडत होता, त्यामुळे दोष कुणालाच सापडत नव्हता. कॉर्डचं वळण बदलून ती बाजूच्या ट्रेला वेल्क्रोने बांधली, बस.

प्लगच्या तोंडावर तपकिरी डाग, वितळलेला काठ किंवा जळका वास असेल तर ती कॉर्ड परत लावायची नाही. इनलेटवरही तसाच डाग असेल तर पीएसयूसुद्धा गेला समजा. सैल सांध्यात रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेने सांधा आणखी सैल. हे चक्र आपोआप थांबत नाही.

काढून पुन्हा बसवणं

हे करताना रिडंडन्सी कमी होते, म्हणून वरचा हिशेब करूनच. शक्यतो कमी भाराच्या वेळी.

पीएसयूच्या मागच्या कनेक्टरकडे नीट पाहिलंत तर सगळ्या पिना सारख्या लांबीच्या नसतात. लांब असतात त्या आधी टेकतात: अर्थ, मग पॉवर. सर्वांत आखूड पिना शेवटी टेकतात, आणि त्यांच्यावरूनच पीएसयूला कळतं की आपण पूर्ण बसलोय, आता आउटपुट द्या. काढताना उलट: आखूड पिना आधी सुटतात, आउटपुट बंद होतो, मग पॉवरच्या पिना ठिणगी न पडता सुटतात. हॉट-स्वॅपची सगळी करामत या दोन-तीन मिलिमीटरच्या फरकात आहे. त्यामुळे पीएसयू दोन मिलिमीटर बाहेर राहिला तर इनपुट हिरवा, पण आउटपुट नाही. कुलूप अर्धवट लागलेलं, हँडल पूर्ण न मिटलेलं, एवढंच कारण असतं.

क्रम असा. कॉर्ड काढा. पीएसयूवरचे सगळे दिवे विझेपर्यंत थांबा, मग वर अर्धा मिनिट. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते, आणि सुरुवातीचा करंटचा लोंढा रोखणारा थर्मिस्टर गरम असताना नीट रोखत नाही. लगेच परत लावलात तर लोंढा मोठा येतो आणि पीडीयूचा ब्रेकर पडू शकतो. मग पीएसयू सरळ ओढा, डावीकडे-उजवीकडे हलवत नाही. टॉर्चने स्लॉटच्या तळाशी बघा: वाकलेली पिन, काळा ठिपका, धुळीचा गोळा. पिना वाकलेल्या असतील तर इथेच थांबा, पीएसयू परत घालू नका. सगळं स्वच्छ असेल तर एका सलग हालचालीत आत, हँडल मिटेपर्यंत. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर काहीतरी चुकतंय.

स्लॉट उघडा ठेवून चहाला जाऊ नका. उघड्या तोंडातून हवा आखूड वाटेने निघून जाते आणि शेजारचे पीएसयू तापतात. बदली युनिट हाताशी नसेल तर झाकणपट्टी लावा.

अदलाबदल: दोष कुणाच्या मागे जातो?

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही. दोषाला तीन ठिकाणी घर असू शकतं: पीएसयू, स्लॉट किंवा वाट (कॉर्ड, पीडीयू, फीड). एका वेळी एकच गोष्ट हलवा आणि दोष कुठे जातो ते पाहा.

आधी वाट. संशयित पीएसयूची कॉर्ड त्याच बाजूच्या दुसऱ्या, चालू असलेल्या पीडीयू सॉकेटवर लावा. दोष गेला तर सॉकेट किंवा ब्रेकर. गेला नाही तर खात्रीची दुसरी कॉर्ड. तरीही तसाच असेल तर आता पीएसयू: संशयित पीएसयू आणि त्याच बाजूचा एक चांगला पीएसयू यांची जागा बदला, एकेक करून, मध्ये पहिला पूर्ण हिरवा होऊ देऊन. दोष पीएसयूबरोबर नव्या स्लॉटमध्ये गेला तर आता खुशाल नवा मागवा, निदान पक्कं आहे. जुन्याच स्लॉटमध्ये राहिला आणि चांगला पीएसयूही तिथे अंबर झाला, तर स्लॉट किंवा मिडप्लेन (सगळे स्लॉट जोडणारा आतला बोर्ड). नवा पीएसयू मागवून काहीही होणार नाही.

अदलाबदल एका बाजूच्याच पीएसयूंमध्ये करा. ए आणि बी यांची सरमिसळ केलीत की फीडचा दोष पीएसयूचा वाटायला लागतो.

दोष कधीतरीच येणारा असेल तर अदलाबदल करून लगेच निकाल लागत नाही. पीएसयूवर पट्टी चिकटवा, तारीख आणि जुना स्लॉट लिहा, आणि वाट पाहा. दोष पूर्वी तीन आठवड्यांनी यायचा तर किमान सहा आठवडे थांबा. धीर धरवत नाही हे मला मान्य आहे.

फीड: जिथे खरा घोटाळा असतो

इथून पुढे इलेक्ट्रिकल विभागाला सोबत घ्या. बघायचं काम तुमचं, पॅनेल उघडायचं काम त्यांचं.

आधी केबल हाताने मागोवा घेत शोधा: एक ते तीन खरंच ए वर आणि चार ते सहा खरंच बी वर आहेत का? यूसीएस ५१०८ असेल तर एक-दोन एका फीडवर, तीन-चार दुसऱ्यावर. लेबलवर विश्वास नको. लाल-निळ्या कॉर्ड वापरत असाल तर उत्तमच, पण निळी कॉर्ड ए पीडीयूत खोचलेली मी पाहिली आहे. आणि दोन्ही पीडीयू मागे जाऊन एकाच यूपीएसला मिळत असतील तर तुमचं एन+एन फक्त पडद्यावर आहे.

थ्री-फेज पीडीयूवर एक सापळा असतो. ए बाजूचे तीन पीएसयू तीन वेगळ्या फेजवर असतील आणि एक फेज गेली, तर नेमका एकच पीएसयू पडतो. दिसायला हुबेहूब पीएसयूचा दोष. त्याच फेजवर रॅकमधलं आणखी काही पडलंय का, एवढं बघितलं की उलगडा होतो.

आता ते वीस मिनिटांनी होणारं मरण. समजा दोन्ही फीडवर ३२ अँपिअरचे ब्रेकर आहेत. ए वर २२ अँपिअर, बी वर २०. पडद्यावर दोन्ही हिरवे, जेमतेम दोन-तृतीयांश भार. ए गेला की बी वर ४२ येतात, म्हणजे क्षमतेच्या १.३१ पट. साधा एमसीबी इतक्या जादा भाराला लगेच पडत नाही. मानकानुसार १.१३ पटीला त्याने तासभर टिकायला हवं आणि १.४५ पटीला तासाभरात पडायलाच हवं. मधल्या पट्ट्यात तो आतली धातूची पट्टी तापेपर्यंत वाट बघतो. म्हणून फीड बंद करून अर्ध्या मिनिटात 'चाचणी यशस्वी' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. दोन्ही फीडच्या भाराची बेरीज एका ब्रेकरच्या क्षमतेत, तीही थोडी मोकळीक ठेवून, बसली पाहिजे. बसत नसेल तर पीएसयूला काही विचारू नका, भार हलवा.

व्होल्टेजही बघा. पीएसयू वॅट तेवढेच मागतो. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं की करंट साधारण १५ टक्क्यांनी चढतो. काठावरचा ब्रेकर मग त्याच दिवशी पडतो, आणि सगळे 'आज काय वेगळं झालं' ते सर्व्हरमध्ये शोधत बसतात.

यूपीएसचा प्रकार माहीत करून घ्या. फीड क्षणभर गेला तर पीएसयू आपल्या कपॅसिटरवर काही मिलिसेकंद तग धरतो. संगणक उपकरणांसाठीच्या आयटीआयसी वक्ररेषेत हा आकडा २० मिलिसेकंद आहे, म्हणजे ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन. भार जास्त तेवढा हा वेळ कमी. ऑनलाइन यूपीएसला बॅटरीवर जायला वेळच लागत नाही. लाइन-इंटरॅक्टिव्हला काही मिलिसेकंद लागतात, आणि त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या असतील तर तेवढ्यात आउटपुट खचतो. एका बाजूचे सगळे पीएसयू क्षणभर पडून परत येत असतील तर इथेच पाहा.

गळती पकडणाऱ्या ब्रेकरवर चॅसिस असेल तर आणखी एक. प्रत्येक पीएसयूच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातो, हे नैसर्गिक आहे. अनेक पीएसयू एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर आले की बेरीज त्याला पाडते, एकही पीएसयू बिघडलेला नसताना.

फर्मवेअर आणि खोटे इशारे

पीएसयू आणि मॅनेजमेंट मॉड्यूल एका बारीक दोन तारांच्या बसवरून (संदेशवाहिनीवरून) बोलतात. ती बस अडकली की जिवंत पीएसयूची नोंद 'नाही' म्हणून येते, वॅटेज शून्य किंवा अशक्य आकडा दाखवतं, पण पीएसयूवरचा दिवा मात्र हिरवा. अशा वेळी मॅनेजमेंट मॉड्यूल रीस्टार्ट करून पाहा. बहुतेक चॅसिसवर त्याने ब्लेड बंद पडत नाहीत, पंखे मात्र काही वेळ विमानासारखे ओरडतात. तरीही आधी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वाचा.

फर्मवेअरच्या प्रकाशन-टिपणात पॉवरच्या खोट्या इशाऱ्याचा उल्लेख असेल तर अपडेट करा. फक्त रिडंडन्सी पूर्ण असताना. एक पीएसयू आधीच मेलेला असताना उरलेल्यांचं फर्मवेअर बदलणं म्हणजे नसतं धाडस.

वय, धूळ आणि उष्णता

पीएसयू खरंच मरतातही. बहुधा आधी पंखा जातो किंवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं, म्हणून गरम रॅकमधले पीएसयू एकामागोमाग जायला लागतात. पंखा घरघरतोय का ऐका, जाळीवर धूळ आहे का बघा, रिकाम्या ब्लेड स्लॉटना झाकणपट्ट्या आहेत का पाहा. 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' आलं तर उशीर करू नका. तो पीएसयू स्वतःच राजीनामा देतोय.

इथे थांबा, फोन करा

पीएसयूचं कव्हर उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो काही काळ टिकतो. दुरुस्तीचं काम हे नाही, बदलण्याचं आहे.

ब्रेकर एकदा पडला तर कारण शोधून एकदा चढवा. लगेच परत पडला तर इलेक्ट्रिशियन. पुन्हा हात लावायचा नाही. जळका वास, धूर, पाणी, चॅसिसला हात लावल्यावर झिणझिणी, गरम लागणारा पीडीयू: फीड बंद करायला सांगा आणि लांब उभे राहा. पॅनेलमधलं व्होल्टेज मोजणं, अर्थिंग तपासणं हेही त्यांचंच.

वाकलेल्या पिना, दोन चांगले पीएसयू एकाच स्लॉटमध्ये नापास, किंवा एकाच वेळी दोन स्लॉट गेलेले, यांत निर्मात्याचा सपोर्ट. मिडप्लेन बदलायला बहुतेक वेळा अख्खी चॅसिस रिकामी करून बंद करावी लागते. वाकलेली पिन स्क्रू ड्रायव्हरने सरळ करणारे भेटतात. चालू मिडप्लेनवर हे केलंत तर एका स्लॉटचा दोष सोळा ब्लेडचा होतो.

फोन करताना हे हाताशी ठेवा: पीएसयूचा पार्ट नंबर आणि फर्मवेअर, स्लॉट, लॉगमधल्या नेमक्या ओळी वेळेसकट, आणि अदलाबदलीत दोष कुणाच्या मागे गेला. शेवटची माहिती दिलीत की सपोर्टचा माणूस 'काढून पुन्हा बसवून बघा' पासून सुरुवात करत नाही. निदान कमी वेळा करतो.

बदलल्यानंतर

नवा पीएसयू हिरवा झाला की काम संपत नाही. परवानगी घेऊन, कमी भाराच्या वेळी, एका बाजूच्या कॉर्ड काढून किमान तासभर चॅसिस दुसऱ्या फीडवर चालवा आणि त्या फीडचा करंट बघत राहा. ब्रेकरच्या आकड्याच्या वर गेला तर लगेच कॉर्ड परत लावा. उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. तासभर टिकली तर दुसऱ्या बाजूचीही हीच परीक्षा.

आणि काढलेला पीएसयू शेल्फवर नुसता ठेवू नका. आमच्याकडे एक पीएसयू तीनदा 'नवा' म्हणून त्याच चॅसिसमध्ये गेला होता, कारण खोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. सिरियल नंबर पडताळल्यावर उघड झालं. आता काढलेल्या प्रत्येक पीएसयूच्या थेट इनलेटवरच लाल चिकटपट्टी बसते, म्हणजे ती सोलल्याशिवाय कॉर्ड लागतच नाही. पट्टीवर तारीख, स्लॉट आणि लॉगची एक ओळ.